चौथा नग

३ मार्च, मंगळवार

ही वही ऑडिटची टिपणं काढायला घेतली होती. लिहिलेली पहिली चार पानं फाडून वही घरी आणली. वही माझी, मीच विकत आणलेली, तरी पानं फाडताना केबिनचं दार लावून घेतलं. मी अशी आहे. पुढं कधी वाचायला घेतली, तर हे आधी लक्षात घ्यावं.

लिहायला निमित्त झालं ते असं. काल संध्याकाळी बाळ्या गाडी घेऊन आला. बाळ्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली तरी बाळ्याच. गाडी म्हणजे गेल्या वर्षी त्यानं कुठूनशी जुनी उचललेली, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल की काय अशी लाल स्पोर्ट्स कार. आत शिरायला कंबरेत वाकावं लागतं आणि बाहेर यायला दुसऱ्याचा हात लागतो. त्याची लेक मात्र, माझी नऊ वर्षांची भाची, शेजारच्या सीटवर अशी बसते की जणू गाडी तिच्या मापानं शिवलीय.

त्याचं म्हणणं, चाकं आत गेलीत. मागं उभी राहून पाहिलं, तर खरंच मडगार्ड रुंद आणि टायर आत दडलेले. थोरल्याचा शर्ट धाकट्याच्या अंगात घातल्यासारखं. त्याला चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्या मधोमध बसवायच्या धातूच्या चकत्या हव्यात. त्यांना स्पेसर म्हणतात. पंधरा मिलिमीटर जाडीचे चार. चाक तेवढं बाहेर येतं, गाडी पाय फाकवून ऐटीत उभी राहते. बाकी उपयोग काही नाही, हे त्यानंच कबूल केलं.

हे सगळं त्यानं मला नाही, अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सांगितलं. "अण्णा, तुमच्या लेथवर निघतील का हो?"

अण्णा खुर्चीतून उठले. आई गेल्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत कुणी काही म्हटलं आणि ते उठले, असं मला आठवत नाही. लेथ, म्हणजे धातू कातायचं त्यांचं यंत्र, घरामागच्या शेडमध्ये आहे; शेडची किल्ली त्यांच्या खिशातच होती.

"थांबा," मी म्हटलं. "मुळात बसवायचे की नाही, ते तर ठरू दे."

"मग तू ठरव ना," बाळ्या म्हणाला. "अण्णा करतील, तू मोजशील. तू पास केलेस तर बसवायचे, नाहीतर नाही. झालं?"

झालं. म्हणजे पुन्हा माझ्यावर आलं. कारखान्यात दिवसभर लोक माझ्या टेबलावर तपासायला नग आणून ठेवतात आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहतात. वीस वर्षं हेच. नाही म्हणायचं काम सगळ्यांनी एकमतानं मला दिलंय, आणि वर म्हणतात, हिला नाही म्हणायला आवडतं.

६ मार्च, शुक्रवार

स्पेसर बसवू नयेत याची कारणं काल जेवणाच्या सुट्टीत लिहून काढली. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर भार वाढतो. बोल्ट लांब लागतात. ते पुरेसे आत गेले नाहीत तर धोका. पुढची चाकं वळतात, ती बाहेर ढकलली की स्टिअरिंगला ओढ लागते. चकती दोन्ही बाजूंनी अगदी समांतर नसेल तर चाक डुगडुगतं, आणि डुगडुगणारं चाक बोल्ट हळूहळू सैल करतं. बसवावेत याच्या बाजूनंही प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलं होतं. तिथं एकच ओळ झाली: अण्णा उठले.

ती खोडली. ते तांत्रिक कारण नाही.

येताना बाळ्याच्या मिस्त्रीकडं गेले. गॅरेजात तो एका गाडीखाली होता. पाय तेवढे दिसत होते. पायांशीच बोलले.

"मॅडम, स्पेसर वाईट नसतो," पाय म्हणाले. "चकती तिरकी नको, हबवर घट्ट बसायला हवी, बोल्ट मापाचे हवेत, आणि पन्नास किलोमीटर झाले की परत आवळायचे. लोक परत आवळत नाहीत. मग स्पेसरच्या नावानं बोटं मोडतात."

"तुम्ही तुमच्या गाडीला बसवाल?"

"माझी गाडी? माझ्या गाडीला चाकं आहेत, हेच पुष्कळ आहे."

बाळ्याला फोन केला. कारणांचा कागदही पाठवून दिला. म्हटलं, तयार मिळतात, प्रमाणपत्रासकट, मग एवढा खटाटोप कशाला?

"मिळतात ना," तो म्हणाला. "माहीत आहे मला."

"मग?"

"ताई, तुला आजवर एखादी गोष्ट 'बघू' न म्हणता आवडलीय का गं?" असं म्हणून त्यानं विषयच बदलला. माहीत असूनही तो तयार का घेत नाही, हे मला कळलं नाही. पण तो लहानपणापासून असाच. नीट उत्तर द्यायचं नसलं की माझ्या स्वभावावर घसरतो.

१० मार्च, मंगळवार

शेडमधून लेथचा आवाज येतोय. काल संध्याकाळपासून घराला नाडी परत आल्यासारखं झालंय. अण्णांनी शेडमधला दिवा बदलून घेतला. आता तिथं इतका लखलखाट आहे की डोळे दिपतात. म्हटलं, "अण्णा, ऑपरेशन करताय का?" तर हसले.

त्यांच्यासोबत दोन तास उभी होते. भोकं पाडायच्या वेळी पाच सारखे भाग करणारी तबकडी ते बोटांनी चाचपून मोजत होते, डोळे जवळपास मिटून. पन्नास वर्षांची सवय. माप घ्यायच्या व्हर्नियरचा आकडा मात्र मला वाचायला लावला. काच धुरकट झालीय म्हणाले. मी काच पुसली. मला तर स्वच्छ दिसत होती, पण मी त्या व्हर्नियरवर काम करत नाही.

चहा बशीत सांडला. दोनदा. आणि अलीकडं ते माझ्याशी बोलताना माझ्याकडं न बघता खांद्याच्या बाजूला बघतात. माझ्यावर कशाबद्दल तरी रागावलेत की काय, हे विचारायचं दोन महिने चाललंय. राहून जातं.

चहा पिताना चौथ्या नगाची गोष्ट पुन्हा सांगितली. शंभरदा ऐकलीय. कारखान्यात नवा तपासनीस आला की अण्णा त्याच्या पहिल्या मालात एक नग मुद्दाम खराब करून घालायचे. नेहमी चौथा. "पहिले तीन माणूस मोजतो," अण्णा म्हणतात. "चौथ्याला त्याला वाटायला लागतं, बाकीचेही असेच असणार. तिथं कळतं, हा मोजतो की नुसत्या सह्या करतो." पकडला तर त्या माणसाला ते आयुष्यभर मान द्यायचे. नाही पकडला, तर तो नग स्वतःच परत आणायचे आणि कुणाला बोलायचे नाहीत. पण त्यानंतर त्याच्याशी फक्त हवापाण्याच्या गप्पा.

मी नोकरीला लागले तीही अण्णांच्याच कारखान्यात. पहिल्याच महिन्यात त्यांनी मलाही चौथा नग घातला होता. सख्ख्या मुलीला. मी पकडला. संध्याकाळी फाटकापाशी त्यांनी एवढंच विचारलं, "मोजलंस, की अंदाजानं म्हणालीस?" मी म्हटलं, मोजलं. मग माझी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि घरापर्यंत स्वतः आणली. त्या दिवसाचा मला इतका अभिमान आहे, हे वयाला शोभत नाही.

१५ मार्च, रविवार

चारही झाले. अण्णांनी फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून टेबलावर ठेवले. प्रत्येकाच्या कडेला त्यांचा छोटा त्रिकोण ठोकलेला. हा ठसा उमटवायचा पंच त्यांनी उमेदवारीच्या काळात स्वतः बनवला होता. हातानं केलेल्या प्रत्येक कामावर तो असतो, अगदी आमच्या पोळपाटाच्या पायांवरसुद्धा.

दिसायला सुरेख. बाळ्यानं एक उचलून डोळ्याला लावला आणि त्यातून लेकीकडं बघितलं. "आत्या, मी दिसते का?" ती विचारत होती, मला.

अण्णा हसले नाहीत. मला म्हणाले, "मोज."

"मोजते ना, अण्णा."

"घाई नाही. नीट मोज."

१७ मार्च, मंगळवार

साहेबांची लेखी परवानगी घेतली. बाहेरचा नग आमच्या मोजमापाच्या खोलीत आणायचा नाही असा नियम आहे, आणि तो मीच लिहिलेला आहे. साहेब म्हणाले, "मॅडम, चार चकत्यांसाठी अर्ज? तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तरी चाललं असतं." मला नसतं चाललं.

आमच्या खोलीत कायम एकच तापमान असतं. नग रात्रभर तिथं ठेवायचा, म्हणजे तोही तेवढाच गार होतो, मगच माप खरं. काल ठेवले. आज सकाळी मोजले.

पहिला: जाडी सगळीकडं सारखी, फरक एक शतांश मिलिमीटरच्या आत. दुसरा तसाच. तिसरा तर त्याहून सरस. पंचाहत्तरीच्या माणसानं, जुन्या लेथवर. खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं. मी स्वतःशीच हसत होते.

चौथा एका कडेला पंधरा मिलिमीटर आणि समोरच्या कडेला चौदा पूर्णांक ब्याऐंशी. अठरा शतांशांचा फरक. तिरका. यावर चाक बसवलं तर ते नाचणार.

पुसला. पुन्हा मोजला. मग यंत्राचं स्वतःचं माप तपासलं. तिसऱ्यांदा मोजला. अठरा.

अण्णांची जुनी खोड अर्थातच आठवली. क्षणभर बरंही वाटलं. पण ज्या गाडीत नात बसते, तिच्या चाकाशी अण्णा खेळ करणार नाहीत. आणि मग एकेक जुळायला लागलं. धुरकट काच. सांडलेला चहा. तो शेडमधला दिवा. माझ्या खांद्याकडं बघून बोलणं.

ते रागावलेले नाहीत. त्यांना मी दिसत नाही.

मोजमापाच्या खोलीत वीस वर्षं काम करणाऱ्या बाईला हे कळायला इतके दिवस लागले.

१८ मार्च, बुधवार

नाही म्हणायचं, बस. एक वाक्य आहे. चौथा नग नापास.

पण ते ऐकून ते काय करतील, हे मला पाठ आहे. लेथवर कापड टाकतील. किल्ली खिळ्याला अडकवतील. खुर्चीत जाऊन बसतील आणि मग उठणार नाहीत. आई गेल्यावर पहिले दोन महिने मी त्यांना जेवायला हाताला धरून उठवलंय. ते मी पुन्हा करू शकते का? करू शकते. करायची इच्छा आहे का? हे प्रामाणिकपणे लिहायला हवं: नाही. मी दमलेय. ऑडिट आलंय, खालच्या दोन जागा रिकाम्या आहेत, घरी आले की चूल आणि खुर्ची. लग्न केलं नाही त्यामुळं तुला कसली गडबड, असं भावजय एकदा म्हणाली होती. तिचं चुकलं नाही. गडबड नाहीच. नुसतं ओझं आहे, आणि ते गडबड करत नाही.

आज त्यांनी विचारलं, "झालं मोजून?"

"अजून नाही," मी म्हटलं. हे पहिलं खोटं.

२० मार्च, शुक्रवार

आमच्या टूलरूमचा फोरमन तरुणपणी अण्णांच्या हाताखाली शिकलेला आहे. त्याच्याकडं गेले. चौथ्या नगाचं, म्हणजे तो जसा असायला हवा होता तसं, रेखाचित्र घेऊन.

"अण्णांच्या सेटमधला एक हरवला," मी म्हटलं. "त्यांना कळू न देता करायचाय."

"अण्णांचा नग हरवला?" त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं, मॅडम. हरवला."

संगणकी लेथवर पाऊण तासात झाला. फरक अर्धा शतांश. निर्दोष. मी मोजला.

घरी आले तेव्हा अण्णांचा डोळा लागला होता. शेडमध्ये जाऊन खणातून त्यांचा पंच काढला आणि स्वयंपाकघरात पाटाच्या फळीवर ठेवून नव्या नगाच्या कडेला त्रिकोण ठोकला. एकच घाव घालायचा असतो. अण्णा घालतात तेव्हा किती सोपा वाटतो. माझा जरा कलला. आवाजानं ते जागे झाले नाहीत.

कारखान्यात या कृत्याला काय म्हणतात, ते मला माहीत आहे. असं करणाऱ्या दोघांना मी घरी पाठवलंय. एकाची बायको मला भेटायला आली होती. मी तिला नियम समजावून सांगितला होता.

खरा चौथा नग माझ्या कपाटात आहे, शालीखाली.

२१ मार्च, शनिवार

सांगितलं. "अण्णा, चारही पास."

ते खुर्चीत होते. "चारही?"

"चारही."

"नीट मोजलेस?"

"तीनतीनदा मोजले."

खुर्चीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बरं." जेवले थोडंच, आणि लवकर पडले. आनंद झाला की माणसाची भूक मरते, तसं असेल. आई असती तर तिला बरोबर कळलं असतं. मला त्यांचा चेहरा मोजता येत नाही.

बाळ्याला फोन केला. तो तर ओरडलाच. "तू पास केलेस? खरंच? सगळे?" आणि मग एकदम हळू आवाजात, "अण्णांना काय वाटलं गं?" म्हटलं, खूश आहेत. "अच्छा," तो म्हणाला. त्याला हवं होतं ते मिळालं, तरी आवाजात काही नव्हतं. या घरात कुणाला नक्की काय हवंय, हे एकदा लेखी मिळालं तर बरं.

गाडीला बसवायचं पुढच्या रविवारी ठरलं. 

२८ मार्च, शनिवार

आठवडाभर अण्णा माझ्याशी बोलले. ऊन किती वाढलंय, वारा सुटलाय का, नळाला धार कशी आहे.

२९ मार्च, रविवार

आज घडलं ते आहे तसं लिहिते. शोभेसाठी काही गाळणार नाही.

सकाळी मिस्त्री आला. गाडी जॅकवर चढवली, मागचं एक चाक काढलं. भाची सीटवर बसून स्टिअरिंग फिरवत होती, तोंडानं इंजिनाचा आवाज काढत. अण्णा बाहेर स्टुलावर बसले होते. मांडीवर फ्लॅनेल, त्यावर चार स्पेसर. ते एकेक हातात घेऊन अंगठ्यानं कड फिरवून बघत होते. पहिला. दुसरा. तिसरा. चौथ्यावर अंगठा थांबला. मागं गेला. त्रिकोणावरून फिरला. पुन्हा फिरला.

"थांब रे जरा," ते मिस्त्रीला म्हणाले. "बाळ्या, गाडी बघ. ताईला घेऊन मी आत जातो."

आत आल्यावर त्यांनी दार लोटलं.

"हा माझा नाही."

त्यांनी चौथा नग माझ्यापुढं धरला.

"कडेचा कोपरा असा मी मारत नाही. यंत्र मारतं. त्रिकोण वाकडा आहे. तू ठोकलास?"

"हो."

"एका घावात?"

"हो."

"मग वाईट नाही." ते पलंगावर बसले. "माझा कुठंय?"

कपाटातून काढून दिला. त्यांनी तो हातात फिरवला, दोन अंगठ्यांत धरून.

"किती निघाला?"

"अठरा."

बाहेर भाचीचं इंजिन चालूच होतं.

"मला वाटलं, दहाबारा असेल," अण्णा म्हणाले.

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. "तुम्हाला माहीत होतं?"

"अंगठ्याला कळत होतं, काहीतरी आहे. किती ते कळत नव्हतं. डोळ्यांचं मधलं गेलंय गं. कडेचं दिसतं. तू दिसतेस, पण चेहऱ्याच्या जागी भोक. बाळ्यानं डॉक्टरकडं नेलं होतं. औषध नाही म्हणाले."

"बाळ्याला माहीत आहे? मला का नाही सांगितलं?"

"तू लगेच यादी केली असतीस." हे ते चेष्टेनं म्हणाले. मग चेष्टा संपली. "त्याला म्हटलं होतं, जाता जाता एक शेवटचं काम हातून होऊ दे. म्हणून त्यानं हे चाकांचं काढलं. त्याला कुठं चाकांचं पडलंय! मला म्हणाला, अण्णा, तुम्ही करा, ताई मोजेल, मग काय भीती. मलाही तेच वाटलं. म्हटलं, आता घरात सगळेच हो म्हणतात मला. डॉक्टरपण गोड बोलतो. ही एक आहे, ही बरोबर सांगेल."

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम तर नाही ना घातला चौथा."

"आयुष्यभर मुद्दाम घातला," अण्णा म्हणाले. "या वेळी मुद्दाम नव्हता."

मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं, हे वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं, कारण ते पूर्ण खरं नव्हतं. मला तुम्हाला परत खुर्चीतून उठवायचं नव्हतं, हे खरं होतं. तेच सांगितलं. म्हटलं, "अण्णा, मी थकले होते."

"माहीत आहे," ते म्हणाले. "कडेचं दिसतं, म्हटलं ना."

मग म्हणाले, "वही आण. रिपोर्ट लिही."

"कसला?"

"कारखान्यात लिहितेस तसला."

ही वही आणली, दुसरी जवळ नव्हती. शेवटच्या पानावर लिहिलं आणि वाचून दाखवलं: नग क्रमांक चार. जाडी असमान, फरक अठरा शतांश. नाकारला.

"कारण?"

"लिहिलं की. जाडी..."

"ते माप झालं. कारण लिही."

माझ्याच्यानं लिहवेना. मग त्यांनीच सांगितलं, एकेक शब्द सुटा, मजकूर सांगावा तसं: "कारागिराला दिसत नाही." मी लिहिलं. "सही कर." मी केली. त्यांनी पानावर बोट ठेवून सही कुठं आहे ते विचारलं, आणि तिच्या शेजारी, अंदाजानं, आपली केली. ती माझ्या सहीवरच आली.

मग उठले. स्वतःच उठले. दारापर्यंत जाऊन थांबले.

"बाकीचे तीन खरंच बरे आहेत? की तेही..."

"एक शतांशाच्या आत. आईची शपथ."

"शपथ नको. मोजलेस?"

"मोजले, अण्णा."

"मग मागच्या चाकांना दोनच लागतात," ते म्हणाले. "पुढच्यांना बसवायचे नाहीतच. स्टिअरिंगला ओढ लागते. तुझ्या कागदावर आहे ते. बाळ्यानं वाचून दाखवला."

५ एप्रिल, रविवार

बसवले. मागं दोन, अण्णांचे; पहिला आणि तिसरा. दुसरा जादा म्हणून डिकीत. चौथा अण्णांच्या उशाशी आहे. टूलरूमचा नग फोरमनला परत नेऊन दिला आणि हरवला नव्हता हेही सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं, मॅडम." साहेबांना मात्र काय काय सांगायचं, ते अजून ठरवायचंय. सांगणार आहे.

मी हो कसं म्हणाले, ते इथं नोंदवायला हवं. नवे बोल्ट किती फेरे आत जातात ते स्वतः मोजलं. चाक हातानं फिरवून डोलणं मोजायचा काटा लावला, नाचत नाही. बाळ्या आणि मिस्त्री दोघांना गाडीत बसवून टायर आणि मडगार्डमधल्या फटीत बोटं घातली. दोन बोटं जातात. बेअरिंगवरचा भार वाढलाय तो वाढलाच आहे, तो वर्षातून दोनदा बघायचा. बाळ्याला तसं लिहून दिलं. तरी काल पूर्ण दिवस मनात हो आणि नाही चालू होतं. शेवटी हो म्हटलं. मागून पाहिलं तर गाडी जरा बरी उभी राहते. फार नाही. ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल.

आज बाळ्या अण्णांना शेजारी बसवून पन्नास किलोमीटर फिरवून आला. मी आणि बाळ्यानं मिळून अण्णांना सीटमधून ओढून काढलं. अण्णांचे केस उभे होते आणि ते ओरडून बोलत होते, अजून वाऱ्यातच असल्यासारखे. शेडमध्ये लेथवर कापड आहे. किल्ली खिळ्याला आहे. रात्री काय होईल, उद्या ते खुर्चीतून उठतील की नाही, हे मला माहीत नाही.

पण बोल्ट परत आवळायचे होते. टॉर्क पाना मी कारखान्यातून आणला होता, रीतसर नोंद करून. त्यावर जोर ठरवून ठेवला की बोल्ट तेवढा आवळला जाताच पाना हातात कट्ट वाजतो. बघावं लागत नाही. मी मिस्त्रीला पाना देत होते, तर अण्णांनी हात पुढं केला.

स्टूल मागच्या चाकापाशी ठेवलं. त्यांनी बोटांनी बोल्ट शोधला, पाना चढवला, दाबला. कट्ट. पुढचा. कट्ट. भाची मोठ्यानं मोजत होती, टाळ्या वाजवत. एका चाकाचे पाच झाले, स्टूल दुसरीकडं नेलं, तिथले पाच झाले. मी त्यांच्या हातांकडं बघत होते. हात थरथरत नाहीत. कधीच थरथरत नव्हते.

"किती झाले?" अण्णांनी विचारलं.

"दहा!" भाची ओरडली.

"तुला नाही, चिमणे. आत्याला विचारतोय."

"दहा," मी म्हटलं.

"मोजलेस, की पोरीचं ऐकून म्हणतेस?"

बाळ्या माझ्याकडं बघायला लागला. मिस्त्रीसुद्धा.

"पोरीचं ऐकून," मी म्हटलं.

अण्णांनी मान हलवली. स्टूल पुन्हा पहिल्या चाकापाशी न्यायला लावलं, बसले, आणि बोटांनी पहिला बोल्ट शोधायला लागले. मी शेजारी जमिनीवर बसले.

कट्ट.

"एक," मी म्हटलं.